निळ्या वलयांचा अष्टपाद

सृष्टीच्या घरी सौंदर्य आणि विष ही पुष्कळदा शेजारी शेजारी नांदतात. कण्हेरीचे फूल देवाला वाहावे इतके सुंदर. परंतु तिच्या पानांत, मुळांत आणि चिकात विष भरलेले असते. गुंजेचा दाणा तांबडाभडक, त्यावर काजळाच्या तिटीसारखा काळा ठिपका; एके काळी सोनार अशाच गुंजांनी सोने तोलीत असत. पण तोच दाणा फुटून पोटात गेला, तर प्राणावर बेतते. रानात आणि परसात वाढणाऱ्या मुलांना वडीलधारी माणसे ही गोष्ट लहानपणीच सांगून ठेवतात. म्हणून ती कण्हेरीखाली खेळतात, गुंजा गोळा करतात आणि तरीही सुखरूप राहतात. समुद्राच्या पोटात मात्र अशी कित्येक रत्ने आहेत, की ज्यांचा गुण सांगणारे वडीलधारे माणूस प्रत्येकाला भेटतेच असे नाही. निळ्या वलयांचा अष्टपाद हे असेच एक जिवंत रत्न होय.

अष्टपाद म्हणजे ऑक्टोपस. कोकणातील मासळीबाजारात दिसणारे माकूळ हे त्याचे जवळचे भाऊबंद. गोगलगाय आणि शिंपला हे दूरचे नातलग. त्याच्या अंगात एकही हाड नाही. त्याला आठ बाहू असतात आणि त्यांच्यावर चूषकांच्या रांगा असतात. त्याला हृदये तीन, आणि रक्तात तांबे असल्यामुळे त्या रक्ताचा रंग निळसर. त्याच्या मज्जातंतूंचा मोठा भाग मेंदूत नसून बाहूंत पसरलेला असतो. म्हणून प्रत्येक बाहू जणू स्वतःच्या बुद्धीने चाचपतो आणि स्वतःच निर्णय घेतो. प्राचीन ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल याने अष्टपादाला मूर्ख ठरविले होते. कारण पाण्यात हात घातला, की तो पळून न जाता हाताजवळ येतो. आज शास्त्रज्ञांचे मत अगदी निराळे आहे. बाटलीचे झाकण फिरवून आतील खेकडा काढणारे, रोजची वाट लक्षात ठेवणारे आणि आपल्याला वागविणाऱ्या माणसांमधला भेद ओळखणारे अष्टपाद त्यांनी पाहिले आहेत. जे मूर्खपण वाटले, ती वस्तुतः जिज्ञासा होती.

निळ्या वलयांचे अष्टपाद ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून इंडोनेशिया व फिलिपीन्सच्या बेटांवरून थेट जपानपर्यंतच्या उथळ समुद्रात आढळतात. शास्त्रज्ञ त्यांच्या वंशाला 'हापॅलोक्लीना' म्हणतात. त्या वंशातील चार जातींना शास्त्रीय नावे मिळाली असून त्यांपैकी एक जात बंगालच्या उपसागरातून मिळालेल्या नमुन्यावरून १९३८ साली नोंदली गेली. ओहोटी लागली, की किनाऱ्यावरील खडकांच्या खळग्यांत पाणी साचून राहते. अशा खळग्यांत, दगडांच्या कपारीत, रिकाम्या शंखात, क्वचित कोणी फेकून दिलेल्या बाटलीतही हा प्राणी बिऱ्हाड करतो. त्याचे शरीर एखाद्या लिंबाएवढे. बाहू पसरले, तरी तो सामान्यतः मोठ्या माणसाच्या तळहातावर मावेल.

तो स्वस्थ बसला असताना पाहणाऱ्याला विशेष काही दिसत नाही. पिवळट-तपकिरी अंग वाळूत आणि शेवाळात मिसळून जाते. परंतु त्याला कोणी छेडले, की एखाद्या सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात त्याच्या अंगावर निळी वलये झळकू लागतात. ती निळाई मोरकंठी रंगासारखी तेजस्वी असते. हा रंग एखाद्या रंगद्रव्याचा नसतो. त्वचेत अतिशय पातळ पापुद्र्यांचे थर असतात. प्रकाश त्यांच्यावरून परावर्तित झाला, की निळा दिसतो. एरवी हे थर त्वचेच्या घड्यांत दडलेले असतात. स्नायू ताणले गेले, की घडी उघडते; आणि काळोख्या खोलीची खिडकी उघडावी, तसे ते वलय प्रकट होते.

ही शोभा पाहणाऱ्याला रिझविण्यासाठी नाही. ती सूचना आहे. नाग फणा काढतो, गांधीलमाशी आपले पिवळे-काळे पट्टे मिरविते, त्याचप्रमाणे हा इवलासा प्राणी आपल्यापरीने बजावतो, "दूर राहा. मला तुझ्याशी कलह करावयाचा नाही." समुद्रातील प्राण्यांना ही भाषा समजते. माणसाला मात्र ती भाषा येत नसली, तर तो नेमके उलट करतो. वलये झळकली, की "अहाहा! किती सुंदर!" असे म्हणून तो हात पुढे करतो.

या प्राण्याचे विष त्याच्या लाळेत असते. बाहूंच्या मधोमध, खालच्या अंगास त्याचे तोंड असून त्यात पोपटाच्या चोचीसारखी लहानशी चोच असते. खेकडा पकडला, की अष्टपाद त्याच्या कवचाला बारीक छिद्र पाडून आत लाळ सोडतो आणि खेकडा निश्चेष्ट होतो. या लाळेतील मुख्य विषाला 'टेट्रोडोटॉक्सिन' असे नाव आहे. प्रथम ते कोणते तरी निराळे विष असावे, असा समज होता. परंतु फुगणाऱ्या पफर माशातील विष आणि हे विष एकच आहे, असे १९७८ साली सिद्ध झाले.

या विषाचा प्रत्यय प्रसिद्ध दर्यावर्दी कॅप्टन कुक याला १७७४ साली आला होता. न्यू कॅलेडोनिया बेटावर त्याने आणि त्याच्या दोन सोबत्यांनी अशाच एका माशाचे यकृत किंचितसे चाखले. रात्री त्यांचे हातपाय बधिर झाले. पाण्याने भरलेले भांडे आणि पक्ष्याचे पीस यांच्या वजनातला भेददेखील कुकच्या हाताला कळेनासा झाला. जहाजावरील ज्या डुकराने त्या माशाची आतडी खाल्ली, ते सकाळी मरून पडलेले आढळले. माणसे केवळ अल्प मात्रेमुळे वाचली.

हे विष घात करते, ते असे. मेंदूची आज्ञा मज्जातंतूंतून विद्युत्संदेशाच्या रूपाने स्नायूंपर्यंत जाते. हा संदेश पुढे सरकावा, म्हणून तंतूंच्या आवरणात सूक्ष्म द्वारे असतात. त्यांतून सोडियमचे कण आत शिरतात. टेट्रोडोटॉक्सिन या द्वारांना बुचासारखे जाऊन बसते. मग आज्ञा निघते, पण पोहोचत नाही. ओठ आणि जीभ बधिर होतात, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, हातपाय लुळे पडतात; आणि अखेरीस श्वास घडवून आणणारे स्नायूही थांबतात. हृदय धडधडत असते, पण प्राणवायू मिळत नाही. अनेकदा दंश इतका सूक्ष्म असतो, की तो झाल्याचे कळतही नाही. या विषावर आजवर कोणताही उतारा सापडलेला नाही.

इतके भयंकर शस्त्र बाळगणारा हा प्राणी स्वभावाने मात्र भांडखोर नाही. तो माणसाच्या अंगावर धावून येत नाही. शक्य असेल, तर तो लपतो. लपता आले नाही, तर सूचना देतो. आणि सूचनाही मानली गेली नाही, तरच चावतो. जगात त्याच्या दंशाने झालेल्या मृत्यूंची खात्रीलायक नोंद फारच थोडी आहे. त्या थोड्या घटनांपैकी दोन मात्र नीट ध्यानात घेण्याजोग्या आहेत.

१९५४ साली ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरील डार्विन या शहराजवळ दोन मित्र समुद्रात मासे मारावयास गेले होते. एकाला एक लहानसा अष्टपाद सापडला. मोठे अष्टपाद जोरदार पकड घेतात, हे त्याला ठाऊक होते; पण हा तर अगदीच चिमुकला! त्याने तो गमतीने आपल्या हातांवरून आणि खांद्यांवरून फिरू दिला. त्याला काही झाले नाही. मग त्याने तो २१ वर्षांच्या आपल्या मित्राच्या खांद्यावर सोडला. प्राणी सरकत सरकत मित्राच्या मानेच्या खाली, पाठीवर जाऊन क्षणभर थांबला आणि नंतर त्याला पाण्यात टाकून देण्यात आले. दोघे किनाऱ्यावरून चालू लागले. थोड्याच वेळात त्या तरुणाच्या तोंडाला कोरड पडली, गिळता येईना, श्वास जड झाला. पाठीवर रक्ताचा एक बारीकसा थेंब काय तो दिसत होता. मित्राने धावपळ करून त्याला रुग्णालयात नेले. परंतु दंश झाल्यापासून सुमारे दोन तासांत त्या तरुणाचा अंत झाला. पुढे १९६७ साली सिडनी येथे एका तरुण सैनिकाने असाच एक अष्टपाद कौतुकाने हातावर ठेवला आणि तोही प्राणास मुकला.

या दोन्ही प्रसंगी अष्टपाद माणसाकडे आला नव्हता. माणसाने त्याला उचलून अंगावर घेतले होते. पहिल्या घटनेत तर आणखी एक बोध आहे. ज्याने खेळ आरंभिला, तो वाचला. आणि ज्याने मित्रावर विश्वास टाकला, तो गेला. "मला काही झाले नाही" हा अनुभव दुसऱ्याच्या जिवाला जामीन राहू शकत नाही.

तथापि, अशा दंशानंतर सारे संपलेच, असे मानू नये. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात एका चार वर्षांच्या मुलाला या अष्टपादाने दंश केला. त्याला उलट्या होऊ लागल्या, उभे राहता येईना, दृष्टी अंधुक झाली. डॉक्टरांनी त्याला यंत्राच्या साह्याने १७ तास श्वास दिला आणि तो मुलगा पूर्ण बरा झाला. या घटनेचा वृत्तांत २००८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शरीर हळूहळू हे विष बाहेर टाकते. त्याला तेवढा अवधी मिळवून द्यावा लागतो. म्हणून दंश झालेल्या अवयवावर रुंद पट्टी घट्ट गुंडाळून तो अवयव हलू न देणे, तत्काळ रुग्णवाहिका बोलाविणे, आणि श्वास थांबलाच, तर मदत येईपर्यंत क्षणाचाही खंड न पाडता कृत्रिम श्वासोच्छ्वास चालू ठेवणे, हाच उपाय आहे. येथे एक गोष्ट विसरू नये. अशा रोग्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या आणि स्थिर असतात, हातपाय निर्जीव झालेले असतात. तो मृत भासतो. परंतु पुष्कळदा तो शुद्धीवर असतो आणि भोवतालचे बोलणे ऐकत असतो. म्हणून जवळच्यांनी हताश उद्गार काढू नयेत. त्याला धीर देत राहावे.

ही सर्व माहिती असूनही हा प्राणी घरी पाळावा, असे वाटणारी माणसे जगात आहेत. घरच्या काचपेटीत खारे पाणी भरून समुद्रातील जीव ठेवण्याचा छंद पुष्कळ देशांत आहे, आणि शोभेच्या जलचरांच्या व्यापारात निळ्या वलयांचे अष्टपादही विकले जातात. बहुतेक वेळा ते खुल्या समुद्रातून पकडून आणलेले असतात. विकत घेणारा मनुष्य दुष्ट असतो, असे मुळीच नाही. उलट, तो बहुधा निसर्गाचा प्रेमी असतो. तो म्हणतो, "मी पेटीला पक्के झाकण लावीन, आत कधी हात घालणार नाही, त्याला खाऊपिऊ घालीन. मग यात वावगे ते काय?"

या प्रश्नाचा शांतपणे विचार केला पाहिजे. प्रथम झाकणाचाच विचार करू. अष्टपादाच्या शरीरात कठीण असा भाग म्हणजे मुख्यतः ती चोच. जेथून चोच जाईल, तेथून सारा देह जाऊ शकतो. इंग्लंडमधील ब्रायटन शहरी १८७२ साली मत्स्यालय उघडले. तेथील एका टाकीतून रोज मासे कमी होऊ लागले. चोर काही सापडेना. अखेर एके सकाळी शेजारच्या टाकीतला अष्टपादच त्या टाकीत बसलेला आढळला! रात्री भिंत ओलांडून तो भोजनास येत असे. न्यूझीलंडमधील नेपियर येथील मत्स्यालयातल्या 'इंकी' नावाच्या अष्टपादाची हकीकत तर २०१६ साली जगभर गाजली. टाकीचे झाकण किंचित उघडे राहिले होते. रात्री तो बाहेर आला, फरशीवरून सरपटत गेला आणि सुमारे ५० मीटर लांबीच्या नळातून थेट समुद्राला जाऊन मिळाला. हे दोन्ही पराक्रमी अष्टपाद बिनविषारी म्हणावे अशा मोठ्या जातींचे होते. जेथे राखणीला अनुभवी सेवक होते, तेथे ही गत. मग घरच्या पेटीचे काय? आणि घरातून निसटलेल्या अष्टपादाला समुद्र सापडत नाही. तो सापडतो जमिनीवर, ओल्या फडक्याखाली किंवा मोरीच्या कडेला. आणि तोही सापडतो तो खेळणाऱ्या मुलाच्या हाताला.

दुसरा विचार घरातील माणसांचा. मोठा मनुष्य स्वतः होऊन संकट पत्करतो, तेव्हा त्याला धाडसी म्हणावे की अविचारी, याबद्दल दुमत होऊ शकेल. परंतु घर एकट्याचे नसते. पेटीतला रिकामा शंख हौसेने उचलणारे लेकरू, पेटी पुसणारी कामवाली बाई, धनी परगावी गेला असता प्राण्यांना खाऊ घालणारा शेजारी, यांपैकी कोणी ते संकट पत्करलेले नसते. कित्येकांना तर पेटीत काय आहे, हेही ठाऊक नसते. काही अपघात झाला, तर ज्या डॉक्टरांकडे धाव घ्यावयाची, त्यांनी असा रोगी जन्मात पाहिलेला नसण्याचा संभव अधिक. आपल्या हौसेचे मोल दुसऱ्याच्या प्राणाने चुकते होणार असेल, तर ती हौस नव्हे. तो अन्याय होय.

आता तिसरा विचार. तो पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. हा विचार त्या अष्टपादाचा आहे.

निळ्या वलयांच्या अष्टपादाचे आयुष्य फार थोडे. बहुधा दोन वर्षांहूनही कमी. मादी आयुष्यात एकदाच अंडी घालते. ऑस्ट्रेलियातील जातींची माता ती अंडी कोठे ठेवून देत नाही. आपल्या बाहूंच्या कुशीत धरून हिंडते. कित्येक आठवडे, कित्येकदा महिनेही ती त्यांची राखण करते आणि त्या काळात अन्नही बहुधा घेत नाही. स्वतःचे विष ती त्या अंड्यांतही शिदोरीसारखे बांधून देते. पिले बाहेर पडतात, आणि झिजून गेलेली माता मरून जाते. अशा अल्पायुषी जिवाला पकडणे, पिशवीत कोंडणे आणि देशोदेशी पाठविणे, यातच त्याच्या आयुष्याचा मोठा हिस्सा संपून जातो. पुढे काचपेटीत पाण्याचा खारेपणा किंचित बिघडला, तरी त्याला त्रास होतो. पाण्यात तांब्याचा अल्पसा अंश आला, तरी तो दगावतो. धन्याच्या घरी तो येतो, तो पुष्कळदा मरावयासच येतो.

"पण अशा प्राण्याला दुःख कळते काय?" असे कोणी विचारील. २०२१ साली अमेरिकेतील संशोधक रॉबिन क्रूक यांनी या प्रश्नाचा शोध प्रसिद्ध केला. ज्या कप्प्यात अष्टपादाला वेदना झाली, तो कप्पा पूर्वी आवडता असला, तरी तो टाळू लागला; आणि ज्या कप्प्यात वेदना शमविणारे औषध मिळाले, त्या कप्प्याकडे तो ओढ घेऊ लागला. केवळ अंग झटकणाऱ्या जिवाचे हे वागणे नव्हे; दुःख ध्यानात ठेवणाऱ्या जिवाचे हे वागणे आहे. युरोपीय संघाने २०१० साली प्रयोगशाळेतील प्राण्यांविषयीच्या नियमांत अष्टपादाच्या वर्गाला संरक्षण दिले. आणि ब्रिटनने २०२२ साली प्राण्यांच्या संवेदनांविषयी जो कायदा केला, त्यात अष्टपादांची गणना सुखदुःख जाणणाऱ्या जिवांत करण्यात आली.

हा विचार मनात धरून काचपेटीकडे पाहिले, की त्या निळ्या वलयांचा अर्थ पालटतो. पेटीवर टिचकी मारली आणि वलये झळकली, की पाहुणे टाळ्या वाजवितात. परंतु ती वलये म्हणजे भ्यालेल्या जिवाची विनवणी असते. समुद्रात ही विनवणी मानली जाते. शत्रू दूर जातो, किंवा तो स्वतः कपारीत शिरतो. पेटीत मात्र तो पुन्हा पुन्हा "दूर राहा" असे म्हणतो आणि कोणीही दूर जात नाही. ज्या शोभेसाठी त्याला आणले, ती त्याला भिवविल्यावाचून दिसत नाही. यापेक्षा चमत्कारिक प्रेम ते कोणते?

यावर एक आक्षेप रास्त आहे. शास्त्रज्ञ आणि सार्वजनिक मत्स्यालयेही असे प्राणी ठेवतात. मग त्यांना दोष का देऊ नये? प्राणी ठेवणारा कोणीही असो, त्याला तीन प्रश्न विचारावेत. तो कशासाठी ठेवतो? कोणत्या तयारीने ठेवतो? आणि त्याचे फळ कोणाला मिळते? विषाचे स्वरूप, त्यावरील उपचार, मातेची अंड्यांवरील माया ही सारी माहिती संशोधकांनी केलेल्या निरीक्षणातूनच जगाला मिळाली. जेथे शिकलेले सेवक, कुलूपबंद टाक्या, ठरलेले नियम आणि उपचाराची सिद्धता असते, आणि मिळालेले ज्ञान सर्वांच्या उपयोगी पडते, तेथे त्या जिवाला कोंडण्यामागे काही कारण तरी असते. तेथेही त्याला शक्य तितके सुख देण्याचे बंधन सुटत नाही. दिवाणखान्याच्या शोभेसाठी मात्र यांपैकी एकाही प्रश्नाला समाधानकारक उत्तर देता येत नाही.

मग या सुंदर प्राण्यावर प्रेम करावयाचे तरी कसे? त्याचा मार्ग कठीण नाही. समुद्रकिनारी गेल्यावर खडकांतील खळग्यात जरूर डोकवावे; पण ओळख नसलेल्या जिवाला हात लावू नये. रिकामा दिसणारा शंख आधी नीट निरखावा, तो खिशात टाकू नये. उलटलेला दगड पूर्ववत ठेवावा. कारण तो कोणाच्या तरी घराचे छप्पर असतो. चित्रे पाहावीत, पुस्तके वाचावीत, जाणत्यांना प्रश्न विचारावेत. आवडणारी प्रत्येक वस्तू घरी आणलीच पाहिजे, असे नाही. चंद्र सर्वांना आवडतो. तो कोणी घरी आणीत नाही, म्हणून कोणाचे प्रेम उणे ठरत नाही.

निळ्या वलयांचा अष्टपाद माणसाजवळ काही मागत नाही. आपली कपार, आपले खेकडे आणि थोडासा एकांत एवढ्यावर तो संतुष्ट असतो. विषाची परीक्षा घेण्यात शौर्य नाही, आणि निर्बलाला कोंडण्यात प्रेम नाही. ज्याचे सौंदर्य दुरून पाहण्यासाठी आहे, त्याला दूरच असू द्यावे. त्यातच त्याचेही कुशल आहे आणि माणसाचेही.

शब्दार्थ

वलय – कडे, गोल रेषा. चूषक – चिकटून राहण्यासाठी अष्टपादाच्या बाहूवर असणारा वाटीसारखा अवयव. निश्चेष्ट – हालचाल थांबलेला. उतारा – विषाचा परिणाम नाहीसा करणारे औषध. जामीन – हमी देणारा. वावगे – अयोग्य. शिदोरी – प्रवासात बरोबर घेतलेले अन्न. सिद्धता – तयारी. रास्त – योग्य, न्याय्य.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ॲरिस्टॉटलने अष्टपादाला मूर्ख का ठरविले?
(आ) निळी वलये एरवी कोठे दडलेली असतात?
(इ) कॅप्टन कुकला विषाचा प्रत्यय कोणत्या बेटावर आला?
(ई) इंकी समुद्रात कसा पोहोचला?

२. पुढील प्रश्नांची तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) टेट्रोडोटॉक्सिनमुळे श्वास का थांबतो?
(आ) दंश झालेल्या रोग्याजवळ हताश उद्गार का काढू नयेत?
(इ) निळ्या वलयांच्या अष्टपादाची मादी अंड्यांची राखण कशी करते?

३. "मला काही झाले नाही हा अनुभव दुसऱ्याच्या जिवाला जामीन राहू शकत नाही." हे वाक्य कोणत्या घटनेच्या संदर्भात आले आहे? त्याचा अर्थ स्पष्ट करा.

४. घरी अष्टपाद पाळण्याविरुद्ध पाठात आलेले तीन विचार क्रमाने लिहा. त्यांपैकी कोणता विचार तुम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो? का?

५. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
प्राणावर बेतणे, प्राणास मुकणे, बिऱ्हाड करणे, विषाची परीक्षा घेणे.

६. विग्रह करून समास ओळखा.
अष्टपाद, जलचर, सुखदुःख, अल्पायुषी.

७. उपक्रम : तुमच्या परिसरात विषारी समजले जाणारे प्राणी आणि वनस्पती कोणत्या, याची घरातील वडील माणसांना विचारून यादी करा. त्यांना न दुखविता आपण सुरक्षित कसे राहू शकतो, याविषयी वर्गात चर्चा करा.